प्रमुख पाहुण्यांचा परिचय

प्रिय नेत्रा,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतेस. माझ्या आजोबांच्या काळी ज्यांना लिहिता येत नसे ते अंगठा उठवायचे. दोन-दोन भाषांत भाषणं लिहिणाऱ्या मुलीला तो शोभत नाही. म्हणून हे पत्र. आई म्हणाली, टाकताय खरं, पण ती उघडणार नाही. मी म्हटलं, पाकिटावर माझं अक्षर बघून आधी चिडेल, मग उघडेल. एवढं तरी मी तुला ओळखतो.

आधी घरच्या बातम्या. खर्चाचा ठराव एकदाचा मंजूर होऊन अमेरिकन सरकारचं शटडाऊन संपलं आणि समोरच्या सुभाषकाकांचा पगार सुरू झाला. एअरपोर्टच्या रडारची देखभाल त्यांच्याकडे, म्हणजे सरकारच्या भाषेत ते अत्यावश्यक. शटडाऊनमध्ये अत्यावश्यक माणसाला रोज कामावर जावं लागतं, पगार मात्र येत नाही. या वेळी ते कामावरून आले की गॅरेजमध्ये जाऊन उगाच हत्यारं पुसत बसायचे, असं संघमित्रामावशी नवऱ्याबद्दल सांगत होत्या. काल त्यांनी पुरणपोळ्या पाठवल्या. आई म्हणाली, जरा जाड झाल्यात. दुसऱ्या कोणाच्या पातळ झालेल्या तिला आवडत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. माझा गुडघा बरा आहे. मागच्या दारातली कढीपत्त्याची कुंडी आम्ही थंडीसाठी आत घेतली, ती या वर्षीही तुझ्याच खोलीत ठेवली आहे.

मंडळात अजून दिवाळीच्या कार्यक्रमाचीच चर्चा चालू आहे. अवधूत तर मला भेटला की पाया पडायला वाकतो आणि 'परिचयमहर्षी' म्हणतो. ते नाव जुनंच आहे, आता जरा धार आली आहे त्याला. परिचय हा काय प्रकार असतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे, कारण माझ्या बहुतेक परिचयांत तू आईच्या मांडीवर झोपलेली असायचीस. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला थेट माइक देत नाहीत. आधी दीपप्रज्वलन, मग परिचय, मग शाल-श्रीफळ, आणि लोकांना भूक लागली की त्याचं भाषण. यातला परिचय इतकी वर्षं माझ्याकडे आहे, आणि मी तो कधी उरकलेला नाही. माणूस काय म्हणतो आणि काय करतो, दोन्ही आलं पाहिजे, नाहीतर ती नुसती आरती होते. हृदयविकाराच्या त्या मोठ्या डॉक्टरांच्या परिचयात ते दहावीला गणितात नापास झाल्याचं मी सांगितलं होतं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तेच हसले होते.

या वर्षी पाहुणे तू आणलेस. तू ज्यांच्या ऑफिसात काम करतेस ते आपल्या भागाचे काँग्रेसमधले प्रतिनिधी, मिस्टर कॅल्डवेल, मराठी मंडळाच्या दिवाळीला येणार म्हटल्यावर सगळे हरखून गेले. रत्नाने, म्हणजे आमच्या अध्यक्षीणबाईंनी, नवी पैठणी घेतली. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. माझी मुलगी अमेरिकेच्या संसदेतला माणूस शाळेच्या त्या थंडगार ऑडिटोरियममध्ये आपल्या लोकांसमोर घेऊन येतेय. मग तू परिचयासाठी इंग्रजीत चार ओळी पाठवल्यास. जन्मगाव, शिक्षण, दोन कुत्री, आणि 'कष्टकरी कुटुंबांचे खंदे पाठीराखे'. खाली लिहिलं होतंस, बाबा प्लीज, फक्त एवढंच वाचा.

वाचलंही असतं मी एवढंच. पण त्याच आठवड्यात संघमित्रामावशी आपल्याकडे आल्या. त्या काही तक्रार करायला आल्या नव्हत्या, तुझं कौतुक करायला आल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या ऑफिसात फोन केला होता. पलीकडून एक मुलगी लिहून दिलेलं वाचल्यासारखं म्हणाली, साहेब या कठीण काळात तुमच्या पाठीशी आहेत. मावशींनी विचारलं, पाठीशी आहेत तर मग मत कसं दिलं त्यांनी? तर ती मुलगी मराठीतच म्हणाली, "मावशी, मी नेत्रा. सगळी मतं रेकॉर्डवर असतात, कोणालाही बघता येतात. तुम्ही बघा." मावशी म्हणाल्या, उल्हासभाऊ, पोरगी बोलली नाही काही, पण खोटंही बोलली नाही. आणि त्या दिवसांत तुझाही पगार थांबलेला होता, हे मला त्यांच्याकडून कळलं. ऑफिसातल्या पोरांचा थांबतो, साहेबांचा चालू राहतो. तू आईला सांगितलं नव्हतंस.

मग मी बघितलं. निवृत्त माणसाला वेळच वेळ. एका बाजूला साहेब टीव्हीवर आणि सभांमध्ये काय म्हणाले ते, दुसऱ्या बाजूला त्यांनी मत काय दिलं ते. त्यांच्या बाजूने जे म्हणण्यासारखं होतं तेही मी वाचलं. एका ठरावाच्या पोटात दहा गोष्टी कोंबलेल्या असतात, नको त्या कलमासाठी हव्या त्या गोष्टीला विरोध करावा लागतो, पक्षाचा दट्ट्या असतो. हे सगळं मला मान्य आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, बाबा, इट्स कॉम्प्लिकेटेड. असेल. पण कॉम्प्लिकेटेड असेल तर माणसाने टीव्हीवरही कॉम्प्लिकेटेडच बोलावं. तिथे ते अगदी सोपं बोलत होते. आणि ती सोपी, चांगली वाक्यं कोणी लिहून दिली असतील हे मला वाचतावाचता कळत होतं. शाळेतल्या निबंधांपासून तुझं वाक्य मी ओळखतो.

मी परिचय मराठीत लिहिला. यामागे माझा हिशेब असा होता की आपल्या लोकांना कळेल, पाहुण्यांना कळणार नाही, आणि तुला झळ लागणार नाही. आईला तो वाचून दाखवला असता तर तिने तिथेच फाडला असता, म्हणून दाखवला नाही. त्या हिशेबात एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. स्टेजवर साहेबांच्या शेजारची खुर्ची तुझी होती.

त्या दिवशी काय झालं ते तुला सांगायला नको, तू तिथेच होतीस. पण मला स्टेजच्या कडेच्या माइकवरून काय दिसलं ते सांगतो. मी तुझ्या चार ओळी आधी वाचल्या, दोन्ही कुत्र्यांसकट. टाळ्या झाल्या. मग मी वाचलं, सरकार एक दिवसही बंद राहता कामा नये, असं साहेबांनी टीव्हीवर ठणकावून सांगितलं. सरकार उघडण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी विरोधात मत दिलं. मी श्वास घ्यायला थांबलो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे परिचय करून देणारा थांबला की टाळी पडते, तो काय म्हणाला याच्याशी तिचा संबंध नसतो. साहेबांनी हसून नमस्कार केला. मग मी वाचलं, काम करणाऱ्याला पगार मिळालाच पाहिजे, असं ते एअरपोर्टच्या दारात उभं राहून म्हणाले. त्या पगाराचा ठराव आला तेव्हा त्यांनी त्याच्याही विरोधात मत दिलं. पुन्हा टाळ्या, पण या वेळी अर्ध्या. पुढच्या रांगेत सुभाषकाका हाताची घडी घालून बसले होते. साहेबांनी पुन्हा नमस्कार केला, आणि तुझ्याकडे वाकून काहीतरी विचारलं.

तू काय करशील हे मला माहीत नव्हतं. बाबा तुमचं कौतुक करतायत, एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. हॉलमध्ये कोणी तुला दोष दिला नसता, मीही दिला नसता. मी पुढचं वाचत होतो, की तिसऱ्या ठरावाच्या वेळी ते गैरहजर होते आणि त्याच दिवशी त्यांचा फूड बँकेत डबे वाटतानाचा फोटो प्रसिद्ध झाला. वाचताना माझं लक्ष सगळं तुझ्या ओठांकडे होतं. तू सावकाश, एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होतीस. साहेबांचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले. या वेळी टाळी पडली नाही. रत्नाला काही सुचेना, तेव्हा तिने शाल उघडली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. नारळ त्यांनी हातात घेतला आणि लगेच तुझ्या हातात दिला.

पुढचं सगळं मला इतरांकडून कळलं. मंडळातल्या प्रथमेशने केलेला व्हिडिओ खाली इंग्रजी अनुवादाची अक्षरं लावून कुठल्या कुठे गेला. तुला बाहेरच्या कार्यक्रमांतून काढून मागच्या खोलीत टपाल फोडायला बसवलं. आई दोन दिवस माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली. मग म्हणाली, तुमचा परिचय झाला, पोरीचं वाटोळं झालं. मलाही तसंच वाटत होतं. जे वाचलं ते वाचल्याचं मला वाईट वाटत नाही, नेत्रा. पण साहेबांशेजारच्या तुझ्या खुर्चीचा विचार न केल्याचं फार वाटतं. ऑफिस संपल्यावर तू गाडीत एकटी बसून राहतेस का, जेवतेस का, असले प्रश्न मला दिवसभर पडतात आणि ते मेसेजमध्ये विचारता येत नाहीत.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. मंगळवारी तुमच्या ऑफिसच्या मुख्य बाईंचा मला फोन आला. फार गोड बोलल्या. त्यांना माझ्या सहीच्या दोन ओळी हव्या आहेत, की मी मराठीत साहेबांचं कौतुकच केलं होतं आणि स्टेजवर झालेला अनुवाद चुकीचा होता. व्हिडिओवरची अक्षरंही त्याच चुकीवरून आली असं त्या सांगतील. तेवढं दिलं की प्रकरण मिटेल आणि तुला जुन्या जागी घेतील. नाही दिलं तर काय, ते त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. आईने स्पीकरवर सगळं ऐकलं आणि म्हणाली, देऊन टाका. मी बाईंना विचारलं, परिचय माझाच चुकला असं लिहून दिलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, त्याचा उपयोग नाही. त्यांना चूक तुझीच हवी आहे. सोमवारपर्यंत वेळ मागून घेतला आहे आणि सोमवारी मी त्यांना नाही म्हणणार आहे. इतक्या वर्षांत माझा परिचय एवढं लक्ष देऊन कोणी ऐकला नाही आणि त्यातला शब्द न गाळता कोणी पुढे पोचवला नाही. तो अनुवाद चुकीचा होता असं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. तुझी नोकरी त्यामुळे जाईल कदाचित, आणि ती बातमी तुला बाईंकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून हे लिहिलं. फक्त एक वाट मी उघडी ठेवली आहे. रविवारी दुपारी आई भरली वांगी करणार आहे, तुझं ताट मांडलेलं असेल. माझ्या समोर बसून, माझ्याकडे बघून, 'बाबा, माझा अनुवाद चुकला होता' एवढं म्हण. मी तिथल्या तिथे सही करीन आणि परत कधी विषय काढणार नाही. ते म्हणायचं नसेल, तरी जेवायला ये.

तुझाच,
बाबा