बादलीचा खटका

११ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरी जिवंत आहे.

अक्षर लागणार नाही, तरी लिहितो. नाहीतर डोकं फुटेल.

सकाळचे अकरा. मी गॅलरीत पेपर घेऊन बसलेलो. ही बाजारात गेलेली. मुलगा कामावर. सूनबाईचं धुणं चाललेलं. आणि एकदम किंकाळी! माणसाच्या घशातून असा आवाज निघतो हे मला माहीतच नव्हतं.

धावलो. न्हाणीघराच्या दारात सूनबाई गुडघ्यांवर बसलेली, मांडीवर भिंगरी. ओलीचिंब. ओठ निळे. मान एका बाजूला टाकलेली. मागं मोठी बादली, अर्धी भरलेली. पोर त्यात डोकं खाली, पाय वर होती म्हणे. सोळा महिन्यांचं पोर!

मी काय केलं? काही नाही. नुसता उभा. चौतीस वर्षं कारखान्यात काढली, मशीनमध्ये अडकलेला माणसाचा हात दोनदा सोडवला, आणि आज स्वतःच्या नातीपुढं दगड झालो. खालच्या मजल्यावरची नर्सबाई किंकाळी ऐकून वर आली. तिनं पोर जवळजवळ हिसकावून घेतली, फरशीवर आडवी केली. तोंडानं श्वास. छातीवर दोन बोटं. पुन्हा श्वास. पुन्हा बोटं. किती वेळ गेला सांगता येत नाही.

मग एक उचकी. पाणी ओकली. आणि रडली!

त्या भोकाडाइतकं गोड मी जन्मात काही ऐकलेलं नाही.

दवाखान्यात जाताना गाडीत सूनबाई एकच वाक्य घोकत होती — "खटका लावला होता हो बाबा मी. लावला होता."

खटका माझा. मीच बनवलेला. मीच बसवलेला.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून एक मिनिट गेलं असतं तर…" पुढचं बोलल्या नाहीत. छातीत पाणी गेलंय, दोन दिवस ठेवून घेणार.

मुलगा माझ्याकडे बघत नाही.

१४ फेब्रुवारी

घरी आणली. आल्या आल्या माझा चष्मा ओढला आणि हसली. आमच्यापैकी कुणीच हसलं नाही.

दुपारी सगळे झोपले तेव्हा बादली घेऊन बसलो. खटक्याचं एकदा नीट लिहून ठेवतो. आमचा कारखाना रंगाच्या बादल्यांचा. मी टूलरूममध्ये. झाकणं बसवण्यातच जन्म गेला म्हणा ना! ट्रकमध्ये आडवी पडली तरी बादली थेंब गळता कामा नये, हे माझं काम. निवृत्त झालो, वर्षभरात भिंगरी झाली, आणि पावलं टाकायला लागल्यापासून सारखी पाण्याकडे धावायची. म्हणून हा खटका. झाकणाला एका बाजूला बिजागरी. दुसऱ्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेली जीभ. झाकण दाबलं की खट्! आपोआप बसतं. जिभेवरचं बटण अंगठ्यानं दाबलं की खट्! उघडतं. मोठ्या माणसाला एका हाताचं काम, कडेवर पोर असलं तरी.

सूनबाईला मीच म्हणालो होतो, "आता निर्धास्त राहा. हत्ती आला तरी उघडायचा नाही."

हत्ती!

आज भिंग लावून पाहिला. स्प्रिंग ताठ. जीभ जराही झिजलेली नाही. रिव्हेट घट्ट. झाकण लावून बादली पाण्यानं भरून आडवी केली, लाथ मारली, कडीला वजन टांगलं. नाही निघाला! शंभरदा लावला, शंभरदा बसला.

मग उघडला कुणी?

१५ फेब्रुवारी

मोठी चूक केली. चहाच्या वेळी विचारलं, "त्या दिवशी बादलीला हात कुणी लावला होता?"

ही भडकलीच. "मी बाजारात होते. माझ्याकडे काय बघता?"

"बघत नाही, विचारतोय."

"तुमचं विचारणं म्हणजे बघणंच असतं! पोर मरता मरता वाचली, आणि तुम्हाला तुमच्या खटक्याचं पडलंय!"

मुलगा कप ठेवून उठला. जाताना म्हणाला, "बाबा, ते यंत्र पुरे आता. तुमच्या भरवशावर राहिलो, हेच चुकलं."

सूनबाई मान खाली घालून बसलेली. चहा तसाच. तिला दोन शब्द धीराचे बोलावे एवढंही सुचलं नाही मला. डोक्यात एकच — खटका निघाला नाही, तर उघडला कुणी?

१६ फेब्रुवारी

घरात बोलणं बंद.

१८ फेब्रुवारी

कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं!

सकाळी बादली पुसून हॉलच्या कोपऱ्यात ठेवली होती. रिकामी, कोरडी, झाकण लावलेलं. माळ्यावर टाकणार होतो. भिंगरी डुलत डुलत आली. झाकणावर दोन्ही हात टेकले. माझ्याकडे वळून बघितलं. आणि अंगठ्यानं नाही — अंगठ्यात कुठला जोर! — तळहाताचा सगळा भार बटणावर टाकून बसलीच म्हणा.

खट्!

झाकण उघडलं. ती टाळ्या पिटायला लागली.

झाकण पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदाही उघडलं. आणि दरवेळी माझ्याकडे बघून तोंडानं, "खत्!"

ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. हातातला चमचा तसाच. मग हळूच म्हणाली, "अहो, तुम्हीच शिकवलंत."

खरंय. मीच. कुणी पाहुणा आला की मी बादली पुढं ओढायचो, भिंगरीला मांडीवर घ्यायचो आणि दाखवायचो. हे बघा, लावलं — खट्! हे बघा, उघडलं — खट्! पोर खदाखदा हसायची, म्हणून पुन्हा. रडायला लागली तरी गप्प करायला हाच खेळ. महिनाभर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

स्प्रिंग मी माझ्या अंगठ्याच्या अंदाजानं घेतली होती. लहान पोर बोटांनी नाही, अख्ख्या अंगानं दाबतं. हे चौतीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. रंगाच्या बादल्यांना कुठं पोरं असतात?

संध्याकाळी मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं. "दोष माझा. कुणी उघडी टाकली नव्हती. तिनंच उघडली, आणि तिला मी शिकवलं." सूनबाईच्या हातातलं ताट खाली पडलं. ती आत निघून गेली, दार लावून घेतलं. माझं तोंडही बघायचं नसणार तिला. बरोबरच आहे.

१९ फेब्रुवारी

पहाटे जाग आली ती एका विचारानं. मी एकच खटका थोडाच बनवला! चौदा बनवलेत. कौतुक झालं तसे वाटत सुटलो. आमचा एक, आसपासच्या घरांत आठ, आणि पाच — पाच पाळणाघरात!

२० फेब्रुवारी

काल उजाडताच पाळणाघर गाठलं. बंद. सुट्टी! एकेका घराची कडी वाजवत फिरलो. "खटका परत द्या." लोक बघतच राहतात. मास्तरांनी विचारलं, "काही चुकलं का आमचं?" मी म्हटलं, तुमचं नाही, माझं. घडलेलं सगळं सांगितलं. मास्तरांच्या सुनेनं ऐकता ऐकताच आत जाऊन बादली ओतून टाकली.

शिंपीणबाई मात्र देईचना. तिनं तो पिठाच्या डब्याला लावलाय. "माझ्याकडे पोर नाही, मांजर आहे. मांजराला शिकवा की दाबायला!" हसू आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. आणि हसल्याची लाज वाटली. तिचा राहू दिला.

आठांपैकी सात आणले.

आज दुपारी पाळणाघर. बाई म्हणाल्या, "या काका! तुमचे खटके फार उपयोगी हं." मी धाप टाकतच विचारलं, "मुलं हात लावतात का त्यांना?"

"लावतात म्हणजे? ती दोन वेण्यांवाली तर रोज उघडते! एवढीशी आहे, पण काय हुशार! बाकीच्यांनाही शिकवलंय तिनं. आम्ही कौतुकानं बघत असतो."

मागं बघितलं. दोन वेण्यांवाली पिंपाशेजारच्या बादलीपाशी उभीच होती. अडीच वर्षांची असेल. बादली काठोकाठ भरलेली. खट्! आणि ती आत वाकून पाण्यात स्वतःचं तोंड बघायला लागली. टाचा उचललेल्या.

या वेळी दगड झालो नाही. कसा पोचलो आठवत नाही, पण फ्रॉक मुठीत होता. ती दचकून रडायला लागली. बाई रागावल्या — "अहो काका, पोरीला केवढं घाबरवलंत!"

मग खाली बसलो, तिथंच ओल्या फरशीवर, आणि भिंगरीचं सांगितलं. ओठ निळे होते, हेही सांगितलं. बाईंचा चेहरा पांढरा पडत गेला. उठल्या आणि पाचही बादल्या स्वतः ओतल्या. पाचवी ओतताना रडत होत्या.

पाच खटके पिशवीत घेऊन आलो. पिशवी एवढी जड कधी लागली नव्हती.

२१ फेब्रुवारी

सगळे हातोडीनं ठेचले. शेजाऱ्यांना वाटलं भांडण चाललंय.

२६ फेब्रुवारी

नवीन खटका डोक्यात घोळतोय. दोन खटके, समोरासमोर. दोन्ही एकदम दाबायचे आणि त्याच वेळी झाकण फिरवायचं. पोराचे हात तेवढे लांब पोचायचे नाहीत. कागदावर काढला. पत्रा कापायला घेणार, तेवढ्यात न्हाणीघरात गेलो.

तिथं सगळ्या बादल्या पालथ्या. मोठी, मधली, तांब्यासकट. सूनबाईनं रोजचा नेम केलाय — पाणी वापरलं की ओतायचं, बादली पालथी घालायची. ना झाकण, ना खटका, ना स्प्रिंग.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात. माझ्या डोक्याचं तेच की! चौतीस वर्षं झाकण कसं बसेल याचाच विचार केला. बादली रिकामी ठेवावी, हे मनाला शिवलंही नाही.

कागद फाडला. तिला म्हणालो, "सूनबाई, तुझा उपाय खरा." तिनं मान वर केली नाही. डोळे भरलेले दिसले. अजून बोलत नाही माझ्याशी. नुसतं "हो बाबा", "नको बाबा". आणि मी जवळ गेलो की उठून जाते. हे सगळ्यात जास्त लागतं.

१ मार्च

मुलगा आज शेजारी येऊन बसला. पेपरचं अर्धं पान मागितलं. एवढंच. पण बसला.

४ मार्च

दुपारी सूनबाई गॅलरीत आली. उभीच राहिली. दाराची चौकट घट्ट धरून.

"बाबा, त्या दिवशी झाकण मी लावलंच नव्हतं. माहेरून आईचा फोन आला म्हणून तशीच बाहेर गेले. बादली उघडी होती. तिनं काही उघडलं नाही. तुमच्या खटक्याचा दोष नव्हता. ह्यांना सकाळीच सांगितलंय. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

तीन आठवडे! तीन आठवडे मी जळत होतो, आणि सूनबाईला माहीत होतं! बोलायला तोंड उघडलं. आणि पाळणाघरातली दोन वेण्यांवाली आठवली.

सूनबाईनं त्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर खटका निर्दोष ठरला असता. मी तो मिरवत राहिलो असतो. परत मागायला कुणाच्याही दारात गेलो नसतो.

"बस," म्हणालो. ती बसली.