बावीस पावलांचा माळ

मी, गुरुदत्त वामन खळदकर, वय वर्षे एकोणऐंशी, मूळचा पुरंदर तालुक्यातला, सन १९६९ पासून कॅनडात, हल्ली मुक्काम ऑन्टॅरिओत सिमको सरोवराच्या पूर्वेकडचे शेतघर, असे लिहून ठेवतो की माझा खुबा मोडून सांधलेला असला तरी डोके जागेवर आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. घालायला घरात कोणी नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. इंग्रजी प्रत वकील करतीलच. तीत कोणाला काय, एवढे येईल. का, ते इथे लिहितो.

कलम १. टोरोंटोचा कॉन्डो, बँकेतील ठेवी आणि गाडी (विंटर टायर बेसमेंटमध्ये आहेत) माझी एकुलती मुलगी अरुणा हिला. यात वाद नाही, म्हणून लांबण लावत नाही.

कलम २. शाळेपासून उतरवून घेतलेल्या कवितांची वही नात अनन्या हिला. तिला मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. वही पाहून ती म्हणाली होती, "आजोबा, इट लुक्स लाइक लाँड्री ऑन अ लाइन." दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी अक्षरे! सबंध वहीत याहून चांगली उपमा नाही. आमचे बापू मास्तर छडीने ताल धरून कविता म्हणून घेत. त्या वहीत झाडावरच्या चौदा कविता आहेत. माळावर एकही नाही. ही तक्रार नव्हे, पुढच्या कलमाला लागणारी माहिती आहे.

कलम ३. शेतघर व त्यालगतची बासष्ट एकर जमीन, जी मी व माझी पत्नी कै. नीलिमा यांनी १९७९ साली घेतली, तीही अरुणाला, खालच्या अटीवर.

जमीन कशी होती ते आधी सांगतो, कारण आता पाहून कळणार नाही. वीतभरही माती नाही, खाली चुनखडीची अखंड फरशी. बर्फ वितळला की घोटाभर पाणी साचे आणि जुलैत पाय भाजत. पण मे महिन्यात गुलाबी फुले माना खाली घालून उगवत आणि जूनमध्ये त्यांचे तुरे होऊन सगळ्या माळावर धूर रेंगाळल्यासारखा दिसे. बोबोलिंक पक्षी गवतावरून गात उडत. आणि जमीन पाहायला आलो त्या पहिल्याच दिवशी हॉथॉर्नच्या झुडपावर काट्याला नाकतोडा टोचलेला दिसला. वर करड्या अंगाचा, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला पक्षी. मी ओरडलो, "नीलिमा, अगं हा आपल्याकडचा! खाटीक!" भक्ष्य काट्याला टांगून सवडीने खाणारा हा पक्षी मी लहानपणी पुरंदरच्या बाभळींवर पाहिला होता. हा त्याचा इकडचा भाऊ. त्याच्यापायी ही जमीन घेतली.

आणि मग मी ती सुधारली.

माळ म्हणजे उजाड, उजाड म्हणजे लाज, आणि झाड लावणे म्हणजे पुण्य, असे आम्ही छडीच्या तालावर शिकलो होतो. शेजारी वॉल्टर याची गुरे तीस वर्षे या कुरणात चरत होती. ती मी १९८० च्या वसंतात बंद केली. गावाकडे चांगल्या सरपंचाने करावी तशी मी एकट्याने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी जाहीर केली. काळी माती बारा ट्रक आणवली. दर मे महिन्यात पाइन लावले. वॉल्टर कुंपणापाशी येऊन म्हणाला, "गुरू, गवत खाणाऱ्यांना हाकललंस. आता गवत राखणार कोण?" मी त्याला सावलीचे महत्त्व समजावले. दहा वर्षांनी तो पुन्हा आला. म्हणाला, "झाडं छान आलीत. कुरणाचं वाटोळं झालं." त्यानंतर आम्ही चार वर्षे बोललो नाही. तो गेला तेव्हा मी फ्युनरलला गेलो, पण ते बोलणे नव्हे.

गुरे गेल्यावर झुडपे माजली. पाइनचे बी वाऱ्याने फरशीच्या भेगाभेगांत गेले. खाटकाला मोकळे, आखूड गवत लागते. ते मिटत गेले तशा खाटकाच्या जोड्या चाराच्या दोन झाल्या, दोनाची एक. दोष हवेचा, पिकांवरच्या औषधांचा, ते हिवाळा काढायला जातात त्या दक्षिणेचा असे मी सगळ्यांना सांगत असे.

कलम ४. टोरोंटोच्या मराठी मंडळींनी १९९८ साली येथे सहल काढून "माळरानाचे नंदनवन केल्याबद्दल" मला दिलेले स्मृतिचिन्ह त्यांना परत करावे. सोबतची शाल वापरून विरली, ती मिळणार नाही.

कलम ५. अट.

घराच्या मागे हॉथॉर्नच्या झुडपासमोर उघड्या फरशीचा एक तुकडा होता, बावीस पावले लांब, पंधरा रुंद. सकाळी नीलिमा चहाचा कप घेऊन तिथे उन्हात बसायची. ती म्हणाली होती, "अहो, एवढा तरी मोकळा राहू दे. सगळीकडे काय शाळेच्या पटांगणासारखं वृक्षारोपण?" तिच्या शब्दाखातर मी तो सोडला होता. शेवटची जोडी त्याच झुडपात घरटे करी.

नोव्हेंबर २००९ मध्ये नीलिमा गेली. पुढच्या मे महिन्यात तिच्या आठवणीसाठी मी त्या तुकड्यावर तीस पाइन लावले. फरशीच्या भेगा कुदळीने रुंद करून लावले. थोडी रक्षा मधल्या झाडाच्या मुळाशी घातली. खाटीक हॉथॉर्नच्या शेंड्यावर बसून सारे बघत होता. पुढच्या वर्षी तो आला नाही. आज सात वर्षे झाली.

मागच्या वर्षी एका भूसंवर्धन संस्थेला जमीन देऊ केली. त्यांची जीवशास्त्रज्ञ मुलगी दोन दिवस फिरली. तिने सभ्यपणे लिहिले की ही जमीन पूर्ववत करण्याच्या पलीकडे गेली आहे. साऱ्या प्रांतात या पक्ष्याच्या आता मोजक्या जोड्या उरल्या आहेत, आणि जी थोडी साधने आहेत ती जिथे अजून माळ आहे तिथे लावणे त्यांना भाग आहे. तिचे बरोबर आहे. मग वॉल्टरची मुलगी जोअ‍ॅन हिला म्हटले, तुझी गुरे सोड. ती म्हणाली, "एवढे पाइन कापायला एक जन्म लागेल, गुरू. माझा उरलाय किती? आणि गुरं मी या ऑक्टोबरात विकतेय."

म्हणून बासष्ट एकरांबद्दल मी काही मागत नाही. फक्त बावीस पावले. अरुणाने त्या तुकड्यावरचे तीसही पाइन, मधल्यासकट, बुंध्यापासून कापावेत. काम हिवाळ्यात करावे, जमीन गोठलेली असताना. हॉथॉर्नला हात लावू नये. नवे काही लावू नये. माझ्या नावाने तर मुळीच नाही. माझी रक्षा सरोवरात सोडावी.

हे मी स्वतः का केले नाही, असे कोणी विचारेल. करवत घेऊन तीनदा गेलो. तिसऱ्यांदा पाय घसरला, तो हा खुबा.

कलम ६. कुदळ जोअ‍ॅनला द्यायची होती. ती साक्षीदार म्हणून सही करणार असल्याने तिला काही देता येत नाही. तेव्हा कुदळ मोडीत घालावी. मजकूर तिला तोंडी सांगितला. म्हणाली, "हे तू १९८० साली लिहायला हवं होतंस."

वही संपवताना मी माळावर एक कविता लिहायला घेतली होती. दोन ओळींवर अडलो:

काळी माती मागू नये
ज्याला मुरूम मानवे

पुढचे सुचले नाही. कोणी पूर्ण करू नये.

सही करण्यापूर्वी हे सगळे अरुणाला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, आय कान्ट. बाकी काय सांगाल ते करीन. ती आईची झाडं आहेत. तिथे आई आहे."

मी म्हणालो, "तिथे आई बसायची, बाळा. झाडं माझी आहेत."

"नाही कापणार मी," ती म्हणाली.

ती शब्दाची पक्की आहे, आईवर गेली आहे. कलम ५ तरीही खोडलेले नाही. खोडून तेवढा तरी तुकडा मीच पुन्हा बुजवला असे व्हायला नको.

हे सारे मी माझ्या हाताने लिहिले व पुढील दोघींच्या देखत, त्या एकमेकींसमोर असताना, सही केली.

गुरुदत्त वामन खळदकर

साक्षीदार:
१. डॉ. वनिता राजाध्यक्ष, निवृत्त डॉक्टर, ओरिलिया
२. जोअ‍ॅन, वॉल्टरची मुलगी, शेजारीण (सही इंग्रजीत)

स्थळ: शेतघर, मागची खोली. खिडकीतून फक्त पाइन दिसतात.
दिनांक: २० मे २०१७