आत्याचं पेज आणि चोंबडा फोन

३ जून, सकाळी
आजपासून मी वेब डेव्हलपर. कोर्सचे तीन धडे झाले, उरलेले अंदाजाने कळतात. पंधरा तारखेला आत्या स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक उघडतेय. तिचं पेज मी करणार. तिने विचारलं नव्हतं, पण घरात एवढं टॅलेंट असताना बाहेर कुणाला विचारणार? धाकटी म्हणाली, दादा, आत्याला दिसत नाही, फोन तिला सगळं वाचून दाखवतो, तेव्हा आधी चौथा धडा वाच. धाकटी सेकंड इयरला आहे. त्या वयात सगळ्यांनाच असं वाटतं.

५ जून
पेज जवळपास झालं. पांढऱ्यावर फिका राखाडी मजकूर. धुक्यासारखा. बाबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, छान आहे, लिहायला कधी घेणार?
सख्खा बाप.
रुंदी चौदाशे पिक्सेल, पक्की. माझ्या मॉनिटरवर सुईच्या टोकाइतकी इकडची तिकडे नाही.

७ जून
फोटो काढले. क्लिनिकची जागा आधी गोदाम होती, रंग अजून ओला. बाबा पेशंट म्हणून टेबलावर, पाय वर. मी काउंटरला टेकून, लांब कुठेतरी बघत. आत्या टेबलापाशी. हस म्हटलं, हसली. कसा आलाय रे, म्हणाली. मी न बघताच म्हटलं, झकास. नक्की ना, म्हणाली, तुझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवतेय हं.

८ जून
कोडमध्ये प्रत्येक फोटोला एक ओळ लागते, ऑल्ट. फोटोत काय आहे ते शब्दांत. पडद्यावर दिसत नाही. म्हणजे कुणी वाचत नाही. मनात आलं ते टाकलं, नंतर बदलू. धाकटी मागून डोकावली. नुसत्या शोभेच्या फोटोचं ऑल्ट रिकामं ठेवायचं म्हणे, म्हणजे फोन तो गाळून पुढे जातो.
म्हटलं, माझ्या पेजवर शोभेचं काहीही नाही.

११ जून
पेज सुरू होऊन दोन दिवस. अपॉइंटमेंट शून्य. क्लिनिकशेजारच्या केमिस्टने ते फोनवर उघडलं. बटण सापडेना, पेज आडवं सरकवून सरकवून त्याचा अंगठा दुखायला लागला. आत्या म्हणाली, मग पाठव की त्याला पेशंट म्हणून. सगळे हसले. मी नाही.
धाकटी म्हणते, फोनच्या मापाचं कर. मापं शिंपी घेतात. तोडगा काढला: पेजवरच सूचना, 'कृपया मोठ्या मॉनिटरवर पाहावे.'
तीही राखाडीत.

१४ जून
उद्या उद्घाटन. ऑल्ट बदलायचेत. पण आधी भाषण: 'या पेजमागची माझी भूमिका'.

संध्याकाळी
भूमिका दोन पानं झाली. ऑल्ट सोमवारी.

१५ जून, दुपारी
घात झाला.
आत्याच्या शाळेपासूनच्या चार मैत्रिणी आल्या होत्या. चौघींनाही दिसत नाही. मी कागद उघडला तेवढ्यात आत्या म्हणाली, थांब रे, आधी यांना पेज ऐकवते. माझ्या भाच्याने केलंय, म्हणाली. आवाज पूर्ण वाढवून. काय ते कौतुक.
फोन बोलायला लागला. चित्र. टकलू आडवा पडलाय, नंतर बदलणे.
बाबांनी डोक्यावरून हात फिरवला.
चित्र. जुनं गोदाम, उंदरांचा वास जाता जात नाही.
चित्र. आत्या, हसू ओढूनताणून.
चित्र. मी. प्रोफाइलला वापरणे.
बटण. बटण. बटण.
एक मैत्रीण फिस्सकन हसली, दुसरीने तिला कोपर मारलं. आत्या हसली नाही. फोन पर्समध्ये ठेवत म्हणाली, ओढूनताणून नव्हतं रे. तूच म्हणालास, हस.
भाषण राहिलं.
इतका चोंबडा फोन मी जन्मात पाहिला नाही.

१६ जून
आत्याने पेज धाकटीकडे दिलं. मला सांगितलंसुद्धा नाही, बाबांकडून कळलं. घरचेच फितूर.
धाकटी पासवर्ड मागायला आली. देणार नाही म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, दादा, तुझंच नाव आणि एक-दोन-तीन आहे, मी सकाळीच आत गेले. विचारायला आपली रीत म्हणून आले.

१९ जून
आत्याला फोन केला. सॉरी म्हणायचं ठरवलं होतं. म्हटलं, फोटो आज नीट बघितला, खरंच झकास आलाय. ती म्हणाली, आता ते तुला विचारून कसं कळायचं मला? मग म्हणाली, ठेवते, पेशंट आलाय.
पेजवरून आलेला. धाकटीच्या.

२२ जून
नवं पेज पाहिलं. काळी ठसठशीत अक्षरं. फोनवर अख्खं मावतं. बटणावर चक्क 'अपॉइंटमेंट घ्या' असं लिहिलंय. कला शून्य. पण माझा फोटो ठेवलाय, काउंटरला टेकलेला! शेवटी कदर झालीच.
फोनला वाचायला लावलं. आत्या ऐकते तसे डोळे मिटले.
चित्र. डॉक्टर टेबलापाशी उभ्या, मोकळं हसताहेत.
चित्र. टेबलावर पेशंट, उजवा पाय वर.
बटण. अपॉइंटमेंट घ्या.
मधे मी यायला हवा होतो. मागे गेलो. पेशंट. पुढे. बटण. डोळे उघडले. आहे की मी, बाबांच्या आणि बटणाच्या मधोमध, लांब कुठेतरी बघत.
परत डोळे मिटले.
पेशंट. बटण.