पाइनचा पाय

लंडन, १२ नोव्हेंबर १८८६

तबिथाताईस एनॉकचा नमस्कार.

मी बरा आहे. खोकला गेला म्हटलं तरी चालेल. काम भरपूर आहे, कारण इथल्या श्रीमंतांना सध्या जुन्या कोरीव खुर्च्यांचं वेड लागलंय.

सोमवारी मालकांनी गाडीभर खुर्च्या आणल्या. त्यातली एक दाखवून म्हणाले, "एनॉक, पाठीला दोन कमानी, खाली चंद्रकोरी. तुमच्या यॉर्कशायरकडचीच ना रे ही?"

"तिकडचीच," मी म्हणालो.

खुर्ची टणक ओकची, पण मागचा डावा पाय हलक्या पाइनचा. तो बघून मालक हसले. "हा कुठल्या गाढवाने बसवला?"

"असेल कुणीतरी शिकाऊ."

ताई, तो मीच बसवला होता. त्या हिवाळ्यात ओक मिळत नव्हतं आणि बाबांना फार वेळ उभं राहवत नव्हतं, हे मालकांना सांगून काय करायचं?

आता ओकचा पाय लावलाय. बाबांच्या तळहाताने खुर्चीच्या उजव्या हातावर पडलेला खळगा मालक घासून काढायला सांगत होते. गिऱ्हाइकं त्यालाच भुलतात असं मी म्हटल्यावर राहू दे म्हणाले. काल खुर्ची गेली. पाइनचा पाय मी ठेवून घेतलाय.

घरी सगळं ठीक आहे, बाबा सुधारताहेत, असं तू लिहिलंस. घरची ही खुर्ची का विकली ते मी विचारत नाही. एवढंच कळव, बाबा हल्ली शेकोटीजवळ कशावर बसतात?

बसतात ना?

तुझा धाकटा भाऊ,
एनॉक