जळल्या डोंगराची माती

अल्मोडा, उत्तराखंड

बाबा, तुमच्या पायाशी किशोरचा दंडवत.

मी बरा आहो. दोन टाइम गरम जेवण भेटते, आईले सांगा. फोनवर तुमी "येशीन कवा?" एवढंच विचारता अन् ठेवून देता, म्हणून लिहून राहिलो.

सध्या कॉलेजच्या एका मॅडमसाठी जंगलातली माती पिशव्यांत भरतो. इथं डोंगरभर चीड नावाचं झाड आहे. नाव ऐकून तुमचीच आठवण आली! त्याचा वाळला पाला पेटला अन् मागच्या आठवड्यात अर्धा डोंगर जळला.

मले वाटलं, राख पडली म्हणजे माती कसदार झाली. आपण वावरात तेच समजतो. मॅडम म्हणाल्या, "पाणी टाकून पाहा." टाकलं, तर मेणावरून घरंगळावं तसं वरूनच गेलं. जो पाला कुजून मातीचा सेंद्रिय कर्ब झाला असता, तो धूर होऊन उडाला. थोडा कोळसा उरते, पण उतारावरून वरची मातीच वाहून जाते.

म्हणून अवंदा कापसाची वाळली पऱ्हाटी पेटवू नका. कुट्टी करून वावरातच टाका. वलगावात मशीन भाड्यानं मिळते न? संत्र्याले पाणी पुरून राहिलं का?

एवढं लिहिलं अन् तुमचा आवाज कानात आला, "कुट्टी कोण करन बे, तुया बाप? त्याचे गुडघे गेले."

सोबत काम करत फिरणारे पोरं उद्या नेपाळले चालले. माही बॅग बी भरून होती. पण इथून नुसतं 'जाळू नका' लिहून पऱ्हाटी बारीक होत नाही. घरी याले बडनेऱ्याची गाडी पकडतो.

तोवर काडीपेटी आईपाशी द्या.

तुमचा,
किशोर