घरातल्या एकाला सांगायचं

बाबा, आज सकाळी पालक निवडता निवडता जीव संपवून टाकावा असा विचार मनात आला. तुम्हाला यायचा तसाच, काही कारण नसताना, हातात काम असताना. मी पालक तसाच टाकला, खुर्ची भिंतीशी ओढली आणि वीस मिनिटं डोळे मिटून श्वास पाहत बसले. मांडी घालून बसणं आता गुडघ्यांना जमत नाही. विचार ओसरला. मग चहा करायचा सोडून ही वही काढली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्हाला लिहिणं सोपं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. जिवंत होतात तेव्हाही विचारत नव्हतात म्हणा, आणि मी त्याचा चांगला फायदा घेतला.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी तुम्हाला हे सुरू झालं. नागपुरात सीताबर्डीवर कापडाच्या दुकानांसमोर तुमचं शिलाईचं मशीन होतं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, कंबर सैल करायची. एक दिवस भर दुपारी मशीन झाकून तुम्ही घरी आलात आणि दारातच म्हणालात, "बेटा, मले जगावंसंच नाही वाटून राहिलं." मी चोवीस वर्षांची, कॉलेजच्या ऑफिसात नुकतीच लागलेली, धाकटा भाऊ दहावीत. एवढं एक काम मी धड केलं: दुसऱ्या दिवशी तुम्हाला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. पुढे आपल्या विहारातल्या भंतेजींनी तुम्हाला श्वासाशी बसायला शिकवलं. विचार आला की हाकलायचा नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, 'आला' एवढं म्हणायचं आणि परत नाकाशी यायचं. तुम्ही भीतभीत डॉक्टरीणबाईंना विचारलंत, हे चालेल का. त्या म्हणाल्या, जरूर करा, पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि विचार आला की पोटात ठेवायचा नाही, घरातल्या एकाला तोंडानं सांगायचा. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही ऐकाल ना?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

तुम्ही ते किती मनावर घेतलंत. संध्याकाळी सात वाजता घरी येता, हातपाय धुता, स्वयंपाकघरात ओट्याच्या खाली पँटीच्या उरलेल्या कापडांची गादी टाकून बसता. मी म्हणते, बाबा, बाहेरच्या खोलीत बसा ना, इथं कुकरच्या शिट्ट्या होतात. तुम्ही म्हणता, "होऊ दे वं, माणसाचा आवाज असला की बरं वाटते." वीस मिनिटांनी उठता, पानावर बसता आणि पहिल्या घासाआधी सांगता: "आज आला होता, दुपारी." किंवा, "आज नाही आला." बस एवढंच. त्यावर मी फक्त "बरं" म्हणायचं होतं. तशीच एक गादी तुम्ही माझ्यासाठीही शिवली होती, राखाडी आणि चॉकलेटी तुकड्यांची, कडांना दुहेरी शिलाई मारून. "कधी बसलीस तं," म्हणाला होतात. मी त्या गादीनं वर्षभर स्कूटी पुसली, आणि तुम्ही ते पाहत होतात.

त्या दिवशीचं लिहितेच. वांग्याचं भरीत केलं होतं. ऑफिसात साहेबानं सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि एक स्थळ आलं होतं तेही मोडलं होतं. का मोडलं ते कुणी सांगितलं नाही, पण मी मनात तुमच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. तुम्ही पानावर बसलात आणि म्हणालात, "आज आला होता, दोनदा." मी भाकरी अक्षरशः आपटली. "रोज रोज तेच काय सांगून राहिले बाबा तुम्ही? घास तं सुखानं उतरू द्या माणसाचा!" भाऊ खाली मान घालून भरीत चिवडत राहिला. तुम्ही सावकाश जेवलात, ताट स्वतः उचललंत, स्वतः घासलंत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण बरंही वाटलं. ऐकायची ड्यूटी संपली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "नाही आला वं आज." तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे जवळजवळ वर्षभर रोज नाही. आणि मला ठाऊक होतं, बाबा. ते म्हणताना तुम्ही ताटाकडे पाहायचात. एकदा एका गिऱ्हाइकाची पँट परत आली, एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड, आणि तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तरी मी "बरं" म्हणायचे आणि वाढून घ्यायचे. दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, विचार येतात का अजून? प्रश्न तुम्हाला होता. तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "नाही मॅडम, आता एकदम चांगले आहेत." त्या गोळी कमी करायला निघाल्या तेव्हा तुम्ही घाईनं म्हणालात, "राहू द्या ना बाई, मले सवय झाली." परतताना ऑटोत तुम्ही बाहेर पाहत होतात आणि मी पर्समधले कागद लावत होते.

तुम्ही तगलात. पुढे कितीतरी वर्षं जगलात, भावाला बुटीबोरीच्या कापड कारखान्यात लागलेलं पाहिलंत, त्याचं लग्न पाहिलंत, आणि शेवटी छातीत कफ होऊन दवाखान्याच्या खाटेवर गेलात, आम्ही दोघं उशाशी असताना. मी लोकांना सांगत फिरले, ध्यानानं बाबा सावरले, आणि घरची साथ होती. मग तुमच्या मशीनशेजारी बसून मोजे-रुमाल विकणारे काका भेटायला आले. चहा घेताना सहज म्हणाले, "तुमचे बाबा रोज चार वाजता मले सांगत, भाऊ आज आला होता. मले तं त्यातलं काही समजे नाही. मी म्हणो, बरं, चहा घे. एकदा म्हटलं, मले काहून सांगता गा, घरी पोरगी हाय ना. तं म्हणे, तिचा घास उतरत नाही." ते गेल्यावर मी कपबशा विसळत कितीतरी वेळ उभी होते. ज्याला तुमच्या दुखण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यानं तुम्हाला तारलं, आणि जिला सगळं कळत होतं ती जेवत होती.

आता माझी पाळी आली आहे. मागच्या उन्हाळ्यापासून. त्याच दवाखान्यात जाते, डॉक्टर नवीन आहेत, पोरगेलेसे. गोळ्या घेते. रोज बसते. ध्यानानं विचार जात नाही हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पण विचार आणि मी यांच्यात बोटभर जागा होते. तेवढ्या जागेत माणूस थांबू शकतो. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी जे बजावलं होतं तेच यांनी विचारलं: विचार आला की घरात कुणाला सांगता? मी एकटी राहते, लग्न झालं नाही. म्हटलं, भावाला सांगते. दोन महिने हेच सांगते आहे आणि त्याला एका शब्दानं बोललेली नाही. त्याची ड्यूटी, त्याची पोरं, त्याला कशाला घोर. तुमच्या तोंडी होतं तेच माझ्या तोंडी आलं आहे, आणि मला स्वतःची चीड येते.

इथवर लिहिलं आणि पेन ठेवून त्याला फोन लावला. म्हटलं, "काही काम नाही रे, सहज केला." तो म्हणाला, "काहून वं ताई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तो मग म्हणाला, "काही नाही कसं? आवाज असा काहून येऊन राहिला तुझा? मी गाडी काढून राहिलो. दार उघडं ठेव आन् समोरच्या खोलीत बस." मी ऊन फार आहे वगैरे म्हणत होते, तोवर त्यानं बायकोला फोन दिला होता, 'मी पोचेस्तोवर ताईशी बोलत राहा' म्हणून.

तिच्याशी बोलणं झालं. तो आता पोचेलच. हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील. तुम्हाला कळवून माझं काम भागणार नाही, त्याला सांगावं लागेल, आणि मी सांगणार आहे. त्यानं माझ्या एका 'काही नाही'वर विश्वास ठेवला नाही. तुमच्या 'नाही'वर माझाही कधी बसला नव्हता, बाबा. तरी मी वाढून घेत होते.