चौदा वर्षांतले चौदा महिने

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

आल्या! दोघी आल्या. विमानाला सव्वा तास उशीर, मी दोहा एअरपोर्टवर चार चहा प्यालो. बबीता ट्रॉली ढकलत बाहेर आली, अंबिका तिच्या पाठीमागे. मी जवळ घ्यायला वाकलो तर पोरीने हात पुढे केला — नव्या साहेबाशी मिळवतात तसा! अकरा वर्षांची झाली. गावच्या देवीवरून नाव मीच ठेवलं होतं. फोनवरून.

अल खोर गावापर्यंत गाडीत दोघी खिडकीबाहेर बघत राहिल्या. घर दाखवलं. दोन खोल्या, किचन, मागे भिंतीआड दहा बाय बाराचं अंगण, त्यात नुसती वाळू आणि खडी. सुपरवायझर झालो म्हणून फॅमिली व्हिसा, म्हणून हे घर. नाहीतर आजवर एका खोलीत सहाजण होतो. बबीताने सगळं बघितलं आणि एवढंच विचारलं, "पाणी कुठनं येतं?"

लग्नाला चौदा वर्षं. सगळ्या सुट्ट्या जोडून बघितल्या — एकत्र राहिलो ते चौदा महिने.

९ ऑक्टोबर

मी बिनसाखरेचा चहा घेतो हे तिला माहीत नव्हतं. ती डाव्या कुशीवरच झोपते हे मला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

या देशात मी चौदा वर्षं एसीचं काम करतोय. हजारो मशीन बसवली असतील. प्रत्येकाला एक पाइप काढायचा, पाणी बाहेर सोडायचं. त्या पाण्याकडे कधी वळून बघितलं नाही.

बबीता दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने पाइपाखाली बादली ठेवली. मी कामावरून आलो तर बादली काठोकाठ.

"हे गोडं हाय का खारं?"

"अगदी स्वच्छ. मीठ नाही, काही नाही."

"आन् तुमी हे वाळूत सोडता?"

माणदेशातला माणूस मी. लहानपणी दोन मैलांवरून घागरी आणल्यात. आणि इथे येऊन चौदा वर्षं पाणी फेकत बसलो. तिला कळायला दोन दिवस लागले!

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मेथी उगवली!! वाळूत!

महिनाभर ही बाई खपत होती. चाळणीने वाळू चाळली, खडी कडेला रचली. मी नर्सरीतून मातीची चार पोती आणून दिली, माझं काम तेवढंच. भाजीचे देठ, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सगळं त्यात पुरलं. वर खजुराच्या झावळ्यांची सावली केली. झावळ्या कुठून आणल्या? रस्त्यावर छाटणी चालली होती, त्या माळ्याला खुणेने विचारलं म्हणे. तिला हिंदी येत नाही. त्याला मराठी येत नाही. तो झावळ्या घरपोच देऊन गेला.

शेजारच्या सलमाभाभी भिंतीवरून डोकावल्या. त्या कोकणातल्या, म्हसळ्याच्या. नवरा इरशाद आमच्याच कंपनीत स्टोअर सांभाळतो. म्हणाल्या, "सात वर्सं झाली मला हितं, माझ्या कुंडीत कढीपत्तापन जगला नाय गो!" बबीताने त्यांना लगेच भिंतीवरूनच कामाला लावलं.

अंबिका शाळेच्या बसआधी रोज पाणी घालते. रोपांशी बोलते. माझ्याशी नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दोह्यातल्या अल नस्र भागातलं एक कुटुंब कायमचं गावी चाललं होतं, त्यांचा जुना गॅसचा ओव्हन घेतला. म्हटलं, बबीता केकबिक करायला शिकेल, पोरगी खूश होईल.

शिकेल!

तिने ओव्हन पेटवला, थोड्या वेळाने दार उघडून नुसता हात आत धरला. "मागची बाजू जास्त तापती." मी हसलो. माझं कामाचं थर्मामीटर आणून लावलं. पुढे एकशे नव्वद, मागे दोनशे वीस. हसू बंद.

मग मैदा मळला. माप नाही, वाटी नाही. पीठ फुगलं तसे गोळे तोडून ट्रेमध्ये ठेवत गेली. हात असा चालत होता की बघत राहावं. गंमत म्हणून चार गोळे वजनकाट्यावर ठेवले — ४८, ४८, ४९, ४८ ग्रॅम. आमच्याकडे इंजिनियर लोक मशीनने मोजून एवढं बिनचूक काम करत नाहीत.

पण पाव निघाले चाळीस!

"अगं, आपण तीन माणसं!"

ती एकदम थांबली. "हात वळत गेला," म्हणाली. अंबिका आईकडे बघून हसली. काहीतरी दोघींना माहीत आहे आणि मला नाही.

(पाव — असा पाव मी दोह्याच्या हॉटेलातसुद्धा खाल्लेला नाही.)

६ डिसेंबर, शुक्रवार

अंबिकाच बोलून गेली. "बाबा, चाळीस काय? आई रोज हजार करते."

बबीता मेथी निवडत होती. मान वर न करता सगळं सांगितलं.

सात वर्षं झाली. घरामागे मी गुरांसाठी म्हणून जी पत्र्याची शेड बांधायला लावली, तिच्यात गुरं कधी आलीच नाहीत. भट्टी आहे. मी सुट्टीवर गेलो की भट्टी बंद, शेडला कुलूप, 'गुरं पुढच्या वर्षी घेऊ' म्हणायच्या. दहिवडीच्या एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याकडे सहा महिने जाऊन ही शिकली. आज तिच्या हाताखाली पाच बायका आहेत. पाव, टोस्ट, खारी, नानखटाई. भावजय संजीवनी गाडी चालवत गावोगाव माल पोचवते. आणि माझी आई! तानूबाई, जी मला फोनवर 'गुडघं दुखत्यात' यापलीकडे काही सांगत नाही, ती बसून टोस्टची पाकिटं भरते!

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं हुतं. गणपतीत, फोनवर. तुमी म्हणालात, माझी बायको पाव इकत फिरणार? मग मी हितं मरमर मरतो ते कशापायी? आन् फोन ठिवला."

मला आठवत नाही. शपथ, आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. ऐकल्याबरोबर ओळखलं.

७ डिसेंबर

जेवणाचा डबा तसाच परत आणला. कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटून बसलो.

९ डिसेंबर

व्हिडिओ कॉलवर ती नेहमी एकाच भिंतीपुढे उभी राहायची. मला वाटायचं, तिथे रेंज येत असेल.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी संजीवनीचा फोन. गावाकडे थंडी पडली आहे, पीठ फुगत नाही, दोन दिवस माल दगडासारखा. संजीवनी रडकुंडीला आलेली. मी आतल्या खोलीत होतो, सगळं ऐकू येत होतं.

बबीताने आधी विचारलं, "तू जेवलीस का?" मग एकेक करून — पाणी किती गरम घेतलं? पीठ कुठं ठेवलं? भट्टीच्या कोणत्या अंगाला? मळलं कुणी? "तिला रागवू नगंस. तिचा हात चांगला हाय, तिला नुसती घाई हाय. उद्या तिला मळाया बशीव आन् तू घड्याळ घिऊन तिच्यापुढं बस."

दहा मिनिटांत काम खलास. आवाज एकदाही चढला नाही.

या चौदा वर्षांत मी सहा साहेबांच्या हाताखाली काम केलं. दोन गोरे, एक इजिप्तचा, तीन आपले. ओरडल्याशिवाय काम होत नाही असं सहाहीजण मानायचे. मीही आता पोरांवर ओरडतो. आज कळलं, साहेब कसा असतो ते. माझ्या स्वयंपाकघरात उभा होता, पदर खोचून.

राग कधी गेला, कळलं नाही. रात्री जेवताना म्हटलं, "चूक झाली माझी." ती म्हणाली, "भाकरी वाढू?" वाढली.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

भोगी. भाजी अर्धीअधिक अंगणातली! गाजर, मेथी, वांगं, पावटा. अंबिकाने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात वाढली. "बाबा, टेस्ट इट. आय ग्रू द कॅरट्स." शाळेत जायला लागल्यापासून इंग्रजी फार. असू दे — बोलली!

७ मार्च, शुक्रवार

गरम व्हायला लागलं. हिवाळाभर एसी बंद होता, झाडांना भांडी धुतलेलं पाणी जात होतं; म्हटलं आज सुट्टी आहे, सर्व्हिसिंग करून चालू करू. बाहेरच्या मशीनचं पॅनल मी डिसेंबरात काढलं होतं आणि ते तसंच राहिलं. (दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी मेमो दिला असता.) बटणाकडे हात नेला, एवढ्यात बबीता अंगणातून ओरडली. "थांबा! आत पोरं हायत!"

मांजर व्यालेली. गल्लीतलीच, पिवळी, एक कान फाटका. पंख्याच्या पात्यांखाली चार पिल्लं, डोळेसुद्धा उघडले नव्हते. बटण दाबलं असतं तर — नको.

मी हात घातला तर फिस्कारली. बबीता म्हणाली, "तुमी सरका." आणि ती नुसती बसली. जवळ जाऊन नाही, चार हातांवर, भिंतीला टेकून, तिच्याकडे न बघता मिरच्यांची देठं काढत. तासभर! अंबिका तिच्याशेजारी तशीच. तासाभराने मांजर बाहेर आली, अंगण हिंडून बघितलं, बबीताच्या पायाजवळ थोडा वेळ बसली आणि परत पिल्लांकडे गेली.

"तिला जागा आवडलीया," बबीता म्हणाली. "महिनाभर एशी लावायचा न्हाई."

मी एसी सुपरवायझर! माझ्याच घरात एसी बंद!

१५ मार्च

घरात चौतीस डिग्री. रोजे चालू आहेत. सलमाभाभी दुपारभर उपाशी असतात, तरी मांजरीसाठी माशाची डोकी आठवणीने पाठवतात. बबीता रोज इफ्तारच्या आधी त्यांच्याकडे गरम पावाचा ट्रे देऊन येते. आज इरशाद बसमध्ये म्हणाला, "शहाजी, ईद झाली की आमची सवय कशी सुटायची?"

३० मार्च, रविवार

ईद आणि पाडवा एकाच दिवशी! भिंतीवरून तिकडून शीरखुर्मा आला, इकडून पुरणपोळी आणि नानखटाई गेली. सलमाभाभी बबीताच्या गळ्यात पडल्या. अंबिका पिल्लांना नवे कपडे म्हणून रिबिनी बांधत होती. दोन तिने मला बांधायला दिल्या.

बरं चाललं आहे. फार बरं चाललं आहे. याची सवय नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

ऊन वाढलं. मेथी बियांवर आली. बबीता वाळलेली रोपं उपटत होती, मी पोत्यात भरत होतो. मी म्हटलं, "ऑक्टोबरात मिरच्या वाढवू. भिंतीच्या कडेला दोडका. तुमच्या दोघींच्या इथल्या रहिवासी आयडीच्या रिन्यूअलचा फॉर्मही आणतो."

ती म्हणाली, "आणू नका. जूनमदी जाते म्हणते. अंबीची तिकडची शाळा सुरू हुईल."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग विचारलं, इथे काय कमी आहे?

"कमी काय न्हाई. चौदा वर्षं मला वाटायचं, ह्यो माणूस रोजचा कसा असंल? म्हणून आले. बघितलं. चांगलं हायसा तुमी. पोरगी तुमच्याजवळ याया लागली. पन माझं काम तिकडं हाय."

दर सुट्टीच्या शेवटी, सातारच्या स्टँडवर, हेच शेवटचं वाक्य मी तिला म्हणत आलो. जसंच्या तसं. ती कधी रडली नाही, कधी अडवलं नाही. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं, ते मला आज समजलं.

तिच्यावर रागावायला गेलो तर रागावताही येईना. उलट वाटलं, इतकं सरळ, इतकं न दुखवता मला चौदा वर्षांत एकदा तरी बोलता यायला हवं होतं.

पोतं बांधलं. बाहेर ठेवून आलो.

२५ एप्रिल, शुक्रवार

अंबिकाने माझी समजूत काढली. "डोन्ट बी सॅड, बाबा. यू कॅन व्हिजिट. व्हेकेशनमध्ये."

पिल्लं सलमाभाभी ठेवून घेणार.

२८ एप्रिल

तिकिटं बघितली. दोन.

४ मे, रविवार

राजीनामा दिला.

एचआरमधल्या मुलीने हिंदीत विचारलं, कारण काय लिहू, फॅमिली? फॅमिली तर तुमची इथेच आहे. म्हटलं, दुसरीकडे काम बघतोय. "कौनसी कंपनी?" मी मराठीतच म्हणालो — बायकोची. तिला कळलं नाही.

घरी अजून बोललो नाही. आधी बबीताला विचारायला हवं, कामावर घेतेस का म्हणून.